देवमासे संपले की ओसेडॅक्सही संपणार?

अनिकेत: ओसेडॅक्स हे कृमी केवळ देवमाशांच्या हाडांवर जगतात, त्यामुळे विसाव्या शतकातील शिकारीने त्यांचेही कंबरडे मोडले, असे काल येथे एका सभासदाने ठणकावून लिहिले. ते प्रथम २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात, सुमारे २,९०० मीटर खोलीवर करड्या देवमाशाच्या सांगाड्यावर दिसले, एवढ्यावरून ते देवमाशाला बांधलेले ठरत नाहीत. पुढे त्याच उपसागरात ठेवलेल्या गाईच्या हाडांवरही ते वाढले. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपाच्या हाडातही ओसेडॅक्स पाडतात तशीच भोके सापडली आहेत. तेव्हा देवमासे होते कुठे?

मृण्मयी: गाई आपणहून समुद्राच्या तळाशी जात नाहीत, साहेब. प्रश्न काय खातात हा नसून पुढचे हाड किती दूर आहे, हा आहे. मादीला ना तोंड ना आतडे. ती हाडात मुळे घालते, आम्लाने ते विरघळवते आणि मुळांतील जिवाणूंच्या आधाराने जगते. एकदा रुजल्यावर तिला जागा बदलता येत नाही, म्हणजे सारी भिस्त अळ्यांवर. गेल्या शतकात सुमारे तीस लाख देवमासे मारले गेले आणि कारखानी जहाजांवर त्यांची हाडेसुद्धा तेलासाठी उकळली गेली. ती तळाशी पोचलीच नाहीत.

अनिकेत: माशांच्या हाडांवरही ते वाढलेले आहेत. समुद्रात मासे तरी आपणहून मरतात ना?

सदानंद: तुमचे मॉन्टेरे चालू द्या, पण कॅलिफोर्नियात किनाऱ्याला लागलेली कलेवरे वजने बांधून खोल पाण्यात सोडली गेली, त्यांतूनच पुष्कळ माहिती मिळाली, आणि आम्ही ती वाळूत पुरतो. आमच्या गावी जेसीबीने खड्डा खणला, तोही अर्धवट. आठवड्याभरात कुत्र्यांनी वाळू उकरली आणि पुढचे दोन महिने खिडक्या उघडण्याची सोय राहिली नाही. २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला अडकलेले देवमाशाचे पिल्लूही शर्थ करून वाचले नाही. निदान मेल्यावर तरी त्यांना समुद्रात जाऊ द्या!

अनिकेत: कल्पना थोर आहे. कोकणापुढची समुद्रबूड जमीन किती रुंद आहे, हे ठाऊक आहे का? खोल पाणी गाठेपर्यंत फुगलेले कलेवर ओढायचे कोणी, आणि ते मधेच सुटून ट्रॉलरच्या वाटेत आले तर?

मृण्मयी: तीन किलोमीटर खोली कोणी मागितली? स्वीडनच्या किनाऱ्याजवळ सुमारे १२५ मीटरवरही ओसेडॅक्स सापडला आहे. इतरांच्या चुका काढणाऱ्यांनी एवढे वाचले असेल, असे वाटले होते.

अनिकेत: मान्य, १२५ मीटर. तेवढ्या पाण्यातही जाळी ओढली जातात. सांगाड्यात अडकून फाटलेल्या जाळ्याची भरपाई तुमच्या अळ्या देणार आहेत काय?

सदानंद: खड्डा तुमच्या दारात खणला असता, म्हणजे हा हिशेब तुम्ही मांडला नसता. जागा मच्छीमारांना विचारून ठरवा, ती नकाशावर नोंदवा आणि टग बोलवा. नाहीतर खड्डा तरी नीट खोल खणा.