१/३५ सेंच्युरियन : जुना टॅमिया ३२०० ला घेऊ का नवीन मोल्डचा ६९०० ला?

निपाणी_वर्कबेंच :

नमस्कार मंडळी, निपाणीतून लिहितोय. १९७१ च्या बसंतरच्या लढाईतला पूना हॉर्स रेजिमेंटचा सेंच्युरियन टँक १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शात, प्लास्टिकच्या किटमधून जोडायचं बरेच दिवस डोक्यात आहे, अरुण खेतरपाल ज्यात होते तो, फामागुस्ता नावाचा. तर दोन किट समोर आहेत. एक कोल्हापुरात एका दुकानात पडून आहे, टॅमिया ह्या जपानी कंपनीचा, टँकचं मार्क ३ मॉडेल, ३२०० सांगतोय, बॉक्सचे कोपरे दबलेत खरं आतल्या पिशव्या बंद आहेत म्हणे. दुसरा ऑनलाइन, एएफव्ही क्लबचा मार्क ५, ६९०० आणि वर कुरिअर. पार्ट टॅमियापेक्षा कितीतरी जास्त आहेत, फोटोएचची, म्हणजे बारीक पार्ट कोरलेली धातूची पत्री पण आहे. आता पार्ट जास्त म्हणून पैसे जास्त द्यायचे का? ६९०० म्हणजे आमच्या घरात चर्चा होणारच, आणि विचारलं तर मला नीट उत्तर देता आलं पाहिजे की हे एवढ्याचं का आहे. आधी टॅमियाचा टायगर आणि टी-३४ केलाय, एअरब्रश नाही, ब्रशनेच रंगवतो. किंमत योग्य आहे का नाही हे तुम्ही कशावरून ठरवता ते जरा सांगा.

शहापूर_स्टायरीन :

भावा, पहिली गोष्ट बॉक्सवरचं चित्र आणि पार्टचा आकडा दोन्ही बाजूला ठेव. मी सगळ्यात आधी मोल्ड, म्हणजे पार्ट काढायचा साचा, कधीचा ते बघतो. स्केलमेट्सच्या साइटवर किटचं नाव टाकलंस की त्याची सगळी वंशावळ येते, पहिल्यांदा कधी निघालं, मधे कुठल्या कंपनीच्या बॉक्समध्ये गेलं, नवीन पार्ट कधी घातले. बॉक्सवर आत्ताचं साल असलं तरी आतलं प्लास्टिक चाळीस वर्षांपूर्वीच्या मोल्डमधलं असू शकतं, रेवेल आणि इटालेरीच्या बाबतीत हे नेहमीच होतं, आणि ते वाईट आहे असं नाही, फक्त त्याला नव्या मोल्डचा भाव द्यायचा नाही.

खरं जुनं म्हणजे टाकाऊ असं पण समजू नको. टॅमियाचा टायगर १ चा लेट मॉडेल १९८९ चा आहे आणि आजही कुणी पहिला टँक कुठला करू विचारलं तर मी तोच सांगतो, कारण पार्ट एकमेकांत चपखल बसतात, पुट्टी जवळजवळ लागत नाही. सेंच्युरियनची गोष्ट वेगळी. तो सत्तरच्या दशकातला, किटमध्ये मोटर घालून जमिनीवर पळवायचे त्या काळातला. म्हणून खालच्या हलला, म्हणजे टँकच्या धडाला, मोटरच्या स्विचची वगैरे भोकं असतात, ती आतून प्लास्टिक शीट लावून बुजवायची. टूल बॉक्स, हॅच, हँडल असले बारीक पार्ट आजच्या मानाने जाड आणि बोथट. ३२०० मला जास्त वाटतात. दोन, सव्वादोनला असता तर डोळे झाकून घे म्हटलं असतं.

जांबोटी_पाऊस :

शहापूरवाल्या दादांचं मोल्डचं बरोबर आहे, खरं मला वाटतं किमतीचा प्रश्न ह्याच टँकपुरता बघावा. लोक नवीन किटला जादा पैसे देतात त्यात मोठा वाटा ट्रॅकचा असतो. रबरी पट्ट्याचा ट्रॅक, का लिंक अँड लेंग्थ (सरळ भाग अखंड आणि वळणाला सुट्या कड्या), का प्रत्येक कडी सुटी. आता टायगरला किंवा टी-३४ ला वरचे रिटर्न रोलरच नाहीत, ट्रॅक सरळ चाकांवर पडतो आणि त्याची झोळ बाजूने उघडी दिसते. तिथे रबरी पट्टा ताठ राहिला की सगळा टँक खेळण्यासारखा दिसतो, म्हणून तिथे सुट्या कड्यांचे पैसे वसूल आहेत. सेंच्युरियनला दोन्ही बाजूंना स्कर्टच्या प्लेटी येतात, वरचा ट्रॅक त्यांच्या मागे जातो. दिसतो तो खालचा सपाट भाग आणि पुढची-मागची वळणं. म्हणजे प्लेटी लावून करणार असशील तर ट्रॅकसाठी जादा पैसे मोजणं ह्या टँकला तरी पटत नाही मला. प्लेटी काढून, लढाईत घासलेला, असा करायचा असेल तर मग वेगळं.

आणि कोल्हापूरच्या दुकानात जाशील तेव्हा बॉक्स उघडून बघू देतील का आधी विचार, नाही म्हटले तर सरळ सोडून दे. उघडला तर पार्ट मोजत बसू नको. कागदातल्या आकृतीशी स्प्रूवरची, म्हणजे पार्ट ज्या फ्रेमला चिकटून येतात तिच्यावरची, इंग्रजी अक्षरं जुळव, ए, बी, सी सगळ्या फ्रेम आहेत का. मग ट्रॅक पिशवीतून न काढताच बोटाने हळू वाकवून बघ. जुन्या स्टॉकमधला रबरी ट्रॅक कडक झालेला असेल तर बसवताना जोडावरच तुटतो. दुसरं म्हणजे तो ट्रॅक वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या चाकांना टेकून राहिलेला असेल तर टेकला तेवढ्या जागेवर चाक वितळल्यासारखं होतं, चकचकीत खड्डा पडतो. रबरातलं तेल स्टायरीन खातं. बोट फिरवलंस की लगेच कळतं. हे दिसलं तर फुकट दिला तरी घेऊ नको म्हणेन मी, कारण बारा चाकं दुसरीकडून आणायची म्हणजे नवीन किट आणल्यासारखंच. डीकल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हं, पिवळे पडले असतील तर मात्र घाबरू नको, पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात लावून ठेवले की बरेचसे पांढरे होतात. आत्ता आमच्याकडे ऊन कुठलं, खरं निपाणीत मिळेल.

निपाणी_वर्कबेंच :

लई उपयोगी माहिती, दोघांचे आभार. स्कर्टचं डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका, मार्क ३ आणि मार्क ५ मध्ये पूना हॉर्सच्या टँकला जवळचा कुठला? कारण मला तोच करायचाय, ब्रिटिश नाही. आणि भारतीय डीकल तर दोन्हीत नसणार, टँकचं नाव हातानेच लिहायचंय.

निवृत्त_दफेदार :

बाळा, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. मी आर्मर्डमध्ये होतो, ट्रेनिंग नगरला आर्मर्ड कोअर सेंटरला झालं. आपल्याकडे पूना हॉर्सकडे होते ते मार्क ७. तू घेतोयस त्यातला कुठलाच मार्क ७ नाही. त्यामुळे दोन्हीत काम आहे, आणि किंमत ठरवताना ते काम धरलं पाहिजे.

सगळ्यात आधी तोफेची नळी. ट्वेंटी पाउंडर म्हणजे ८४ मिलिमीटर. मार्क ३ ची नळी टोकापर्यंत सरळ जाते. मार्क ७ च्या नळीवर मध्यावर एक जाड फुगीर भाग आहे, तो फ्यूम एक्स्ट्रॅक्टर, गोळा सुटल्यावर धूर टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटात, परत येऊ नये म्हणून. पन्नास पावलांवरून सुद्धा तो आधी दिसतो. तेव्हा एएफव्ही क्लबच्या बॉक्सवर आणि स्प्रूच्या फोटोत नळीवर हा भाग दिलाय का ते बघ. दिला असेल तर तुझं निम्मं काम झालं. टॅमियाला वेगळी धातूची नळी घ्यावी लागेल, त्याचे पैसे ३२०० मध्ये मिळव. मागच्या इंजिन डेकच्या झाकणांत पण फरक आहे, ते प्लास्टिक शीटवर करता येतं, घाई नको.

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन उभा आहे, शेजारी पाकिस्तानकडून पकडलेले पॅटन आहेत, आपला विजयंता आहे. निपाणीहून जाऊन येण्यासारखं आहे. टँकभोवती फिरून फोटो काढ, विशेषतः टरेटच्या दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या आणि नळीच्या बुडाशी कॅनव्हासचं आवरण असतं त्याच्या घड्या. किटमध्ये ह्या घड्या जशा आहेत त्यावरून मी सेंच्युरियनचं किट ओळखतो. घड्या कापडासारख्या पडलेल्या पाहिजेत. बाकी सगळं बरोबर असून ते आवरण डब्याच्या झाकणासारखं गुळगुळीत असेल तर तो टँक जिवंत वाटत नाही.

आणि एक सांगतो, खेतरपाल साहेबांचं वय २१ होतं. १६ डिसेंबरला टँकला आग लागली होती, मागे ये म्हणून ऑर्डर आली तरी ते गेले नाहीत, तोफ चालू आहे म्हणाले. १९६५ ला चाविंड्याच्या लढाईत ह्याच रेजिमेंटचे तारापोर साहेब सेंच्युरियनमध्येच गेले. दोघांना परमवीर चक्र. त्यामुळे करशील तो नीट कर, दोन महिने जास्त लागले तर लागू देत.

शहापूर_स्टायरीन :

दफेदार काका, हे माहीत नव्हतं, फोटोंसाठी नगरला जायलाच पाहिजे. काकांच्या हिशोबाने बघितलं तर टॅमिया ३२००, वर नळी, शीट, पुट्टी, जाड हँडलांच्या जागी तांब्याची तार, म्हणजे ४५०० च्या आसपास जातोय आणि मेहनत वेगळी. मग ६९०० तेवढे लांब राहत नाहीत. मी मघाशी म्हटलं त्यात एवढी भर घालतो की तुला खोदकाम, कापाकापी आवडत असेल तर टॅमिया, आणि रंगवायला जास्त आवडत असेल तर नवीन.

टिळकवाडी_हॉबी :

थोडं किमतीबद्दल, कारण नवीन लोकांना दुकानदार लुटतोय असं वाटतं. स्केल मॉडेल कस्टमच्या ९५०३ ह्याच हेडिंगमध्ये खेळण्यांबरोबर येतं. २०२० च्या बजेटमध्ये त्यावरची ड्युटी २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ मध्ये ७०. देशातली खेळणी वाढावीत म्हणून केलं ते, खरं आपल्याकडे १/३५ चा टँक कोण बनवत नाही त्यामुळे आपण सरळ भरतोय. म्हणून जपानी बॉक्सवरच्या येनचे रुपये करून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. तुलना करायची तर भारतातल्याच दोन-तीन दुकानांची कर. बाहेरून स्वतः मागवणार असशील तर पोस्टेज धरून वर ड्युटी लागते हे लक्षात ठेव, स्वस्त दिसणारं किट दारात येईपर्यंत महाग होतं.

बजेट अडत असेल तर १/७२ पण बघ. खऱ्या सेंच्युरियनचा हल साधारण साडेसात मीटर, ३५ ने भागला की २१-२२ सेंटिमीटर, ७२ ने भागला की साडेदहा. तळहातावर मावतो, रंग कमी लागतो, कपाटात जागा कमी. पण तू ब्रशने रंगवतोस आणि नाव हाताने लिहायचंय म्हणतोस तर १/७२ वर ते फार बारीक होईल, म्हणून तुला नाही सुचवत.

निपाणी_वर्कबेंच :

सगळ्यांचे मनापासून आभार. एएफव्ही क्लबवाल्याला मेसेज करून स्प्रूचा फोटो मागितला, नळीवर तो फुगीर भाग आहे. दफेदार काका, आता तोच घेतो. कोल्हापूरला शनिवारी जाणारच आहे, ट्रॅक आणि चाकं बघून येतो, २२०० ला देत असेल आणि चाकं चांगली असतील तर तो पण मागाहून ब्रिटिश म्हणून करेन. फामागुस्ता नाव पांढऱ्या रंगात हाताने लिहायचंय, ब्रश कुठला वापरू? आणि पावसात रंगवू का थांबू?

जांबोटी_पाऊस :

नावासाठी तीन शून्यचा ब्रश घे, खरं टोक बारीक असण्यापेक्षा ब्रशचं पोट रंग धरणारं असलं पाहिजे, नाहीतर अक्षराच्या मधेच रंग सुकतो. ॲक्रिलिकमध्ये, रंग हळू सुकावा म्हणून, रिटार्डरचा एक थेंब. आधी पेन्सिलने दोन रेघा मार, मधलं अक्षर आधी लिही आणि मग दोन्ही बाजूंना जा, म्हणजे नाव एका बाजूला सरकत नाही. चुकलं तर ओल्या ब्रशने लगेच पूस, म्हणून खाली हिरव्यावर आधी ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक रंगाचा, हात दिलेला बरा.

पावसाचं म्हणशील तर आमच्याकडे जुलैत लॅकर स्प्रे मारला की पांढरट धुकं येतं रंगावर, दमटपणाने. ब्रशने ॲक्रिलिक असेल तर रंगवायला हरकत नाही, फक्त रंगाच्या दोन थरांमध्ये एक दिवस जाऊ दे. शेवटचा मॅट क्लिअरचा स्प्रे मात्र कोरड्या दिवसासाठी ठेव. तोपर्यंत सस्पेन्शन आणि चाकं जोडून घे, सहा चाकं एका बाजूला आहेत, दोन-दोन चाकांच्या तीन बोगी, सगळी जमिनीला टेकतात का बघायला काचेवर ठेवून बघ, गोंद ओला आहे तोवरच ती सरळ करता येतात.