मदत हवी आहे: आजोबांच्या बंदुकीच्या दारूचे दोन डबे सापडले, एकत्र करून काडतुसं भरली तर चालते का?

महालचा_पोट्टा

मंडळी जरा अर्जंट आहे. नागपुरात महालातला आमचा जुना वाडा पाडायला काढला आहे, रविवारपासून माळा रिकामा करून राहिलो, तर तिथं आजोबांची टिनाची पेटी निघाली. आजोबांकडे १२ बोरची दुनळी होती, लायसनवाली, ते गेले तेव्हा बाबांनी ती पोलीस स्टेशनात जमा केली पण या पेटीकडे तेव्हा कोणाचं लक्षच गेलं नसावं. आत पितळी रिकामी काडतुसं वीसेक, पुठ्ठ्याचे डाट, छर्र्यांची पिशवी, टोप्यांची (काडतुसाच्या बुडाला बसवून दारू पेटवायच्या) डबी, आणि दारूचे दोन डबे. एका डब्यावर आजोबांच्या हातचं "जाड" लिहिलं आहे, दुसऱ्यावर "बारीक". बस्स, कंपनीचं नाव वगैरे काही नाही. जाडवाली काळी कुळकुळीत, तुकतुकीत दाणे. बारीकवाली राखाडी, चपटे बारके तुकडे, आणि झाकण उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा काहीतरी आंबूस वास आला, झाकणाच्या आतून तांबूस भुकटी पण आहे, गंज असेल.

आता खरा प्रॉब्लेम म्हणजे आमचे काका. वय ७४, लहानपणी आजोबांच्या बाजूला बसून काडतुसं भरायचे. ते म्हणतात जुनी दारू थंडावली असेल, दोन्ही अर्धी अर्धी मिसळ म्हणजे जोर बरोबर होईल, आणि काटोलकडे आमच्या चुलतभावाकडे रानडुकरांसाठी लायसनची बंदूक आहे त्याला भरून देऊ, काडतूस काय भावाने मिळते आजकाल. पेटीत आजोबांचं माप पण आहे, जुनं काडतूस कापून त्याला तारेची दांडी लावलेलं. काका म्हणतात एक माप सपाट भरायचं, आम्ही असंच करत होतो.

मला यातलं काही कळत नाही पण मन मानत नाही. मिसळली तर काय होते? की निदान दोन्ही एका बरणीत ओतून ठेवू, म्हणजे जागा कमी लागेल? काका उद्या चिमूटभर पेटवून बघायचं म्हणून राहिले.

वऱ्हाडी_ठेचा

काकांना माचिस देऊ नको बे.

टेक्सासातला_नागपूरकर

भाऊ, पहिले हात धुवा आणि डबे आहे तिथंच राहू द्या. मी इथं अमेरिकेत १२ वर्षांपासून स्वतःची काडतुसं स्वतः भरतो, इकडे तो कायदेशीर छंद आहे, टेबलावर काटा, पुस्तक, सगळं. आणि पहिल्या दिवशी जो नियम शिकवतात तो हाच की टेबलावर एका वेळी एकच दारू, दुसरा डबा कपाटात. मिसळायचा तर प्रश्नच नाही, एकाच कंपनीच्या दोन वेगवेगळ्या नंबरच्या पण नाही.

कारण सांगतो. दारू म्हणजे काही तिखट नाही की दोन मिसळले की मधला झणका मिळेल. प्रत्येकीचा जळायचा वेग वेगळा, दाण्याचा आकार, वरचं कोटिंग, सगळं त्या वेगासाठी केलेलं असते. मिसळली की वेग काय झाला हे सांगणारं पुस्तक जगात कोणाकडे नाही. त्यात डबा हलला की बारके दाणे खाली जातात जाड वर राहतात, चिवड्यात शेव वर आणि मसाला तळाला जाते ना तसंच, म्हणजे पहिलं काडतूस फुसकं आणि दहावं नळी फोडेल. एकाच बरणीतून भरलेली असून.

आता ते माप. तुमच्या वर्णनावरून जाडवाली काळी दारू वाटते, सोरा कोळसा गंधकवाली, ती मापानेच भरत होते जुने लोक आणि तिला ते खपते. पण चपटे राखाडी तुकडे म्हणजे बहुतेक बिनधुराची, नायट्रोसेल्युलोजची, १८८४ मध्ये फ्रान्सात निघाली ती जात. ती वजनाने काळीच्या पाव-तिहाईच लागते आणि आम्ही ग्रेनवर मोजतो, एका ग्रॅममध्ये १५.४ ग्रेन, आणि मोजताना त्याचाही दहावा भाग बघतो. काळीच्या मापात ती भरली तर बंदूक नाही राहत, हातातला बॉम्ब होतो, उडते ती डाव्या हाताची बोटं आणि डोळा. बरं मी "बहुतेक" म्हणालो, कारण दिसण्यावरून कोणीच सांगू शकत नाही, दोन्हीला ग्राफाइटचीच चमक असते. ज्या डब्यावर लेबल नाही ती दारू आम्ही इथं वापरत नाही, कितीही महाग असो.

रिटायर_आण्णा

मी दारूगोळ्याच्या कारखान्यात ३१ वर्षं काढली, मिसळायचं काय ते वरच्यांनी बरोबर सांगितलं, माझी काळजी वेगळी आहे. तो आंबूस वास आणि तांबूस भुकटी. ते नुसतं गंज नाही बाळा. बिनधुराच्या दारूत एक स्थिर ठेवणारं औषध घातलेलं असते, डायफिनाइलअमीन, ते वर्षानुवर्षं संपत जाते. संपलं की दारू आतल्या आत सडते, ॲसिडचा वाफारा निघतो, डबा खातो, आणि सडताना स्वतःच गरम होते. अशी दारू कोणी काडी न लावता पेटलेली आहे. आता तुमचा माळा, वर टिन, आणि मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर जाते. इतके उन्हाळे कसे निघाले देवाला माहीत.

काळी दारू सडत नाही, ती म्हातारी होऊन पण तितकीच तिखट. उलट तिला ठिणगी फार लवकर लागते, टिनाचं झाकण घासलं तरी भीती. म्हणून खरवडू नका, ओतू नका, झाकण पुन्हा उघडू नका. त्या खोलीत उदबत्ती नको, आणि काकांची बिडी तर अजिबात नको. डब्याला लांबूनच बघा, तांबडा धूर दिसला तर वाडा रिकामा करा आणि फोन करा. नाल्यात टाकू, गच्चीवर जाळू, हे पण कोणी सुचवेल, ऐकू नका.

कोर्टाची_पायरी

कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळा म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नाही, त्याचे भाग आणि भरायचं सामान पण त्यातच येते. आणि घरी भरणं म्हणजे दारूगोळा बनवणं, त्याला वेगळं लायसन लागते, चुलतभावाचं पीकरक्षणाचं लायसन त्याला चालत नाही. त्याच्या बंदुकीत फुटलं तर तो दवाखान्यात आणि तुम्ही आरोपी. स्वतः होऊन ११२ वर कळवा, वाडा पाडताना सापडलं असं सरळ सांगा, लपवलं की मग गोष्ट बदलते. गाडीत घालून स्टेशनात नेऊ नका, त्यांना घरी बोलवा. अशा सगळ्या स्फोटकांचे नियम बघणारं देशाचं मुख्य ऑफिस, पेसो, आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे आणि आपण इथं माळ्यावर दारू वाळवून राहिलो.

महालचा_पोट्टा

वाचून पोटात गोळा आला राव. मी काल तो डबा कानाशी हलवून पाहिला होता, किती भरला आहे म्हणून. आण्णा, काकांना तुमचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला, पहिले म्हणाले आम्ही काही मेलो नाही, मग म्हणाले तेव्हा बाबा आम्हाला "बारीक"ला हात लावू देत नव्हते. हे आता आठवलं त्यांना! म्हणजे आजोबांना फरक माहीत होता, दोन डबे वेगळे त्यासाठीच होते, आणि आपण एका बरणीत करायला निघालो होतो. फोन करतो आत्ता.

महालचा_पोट्टा

अपडेट. फोन केल्यावर स्टेशनचे दोघं आले, बघून गेले, मजुरांना घरी पाठवायला लावलं, मग संध्याकाळी बॉम्बशोधक पथकाची गाडी आली. गल्लीत ही गर्दी, समोरच्या काकू विचारतात काय सापडलं, सोनं का. पथकातल्या एकाने बारीकवाल्याचं झाकण बाहेरूनच पाहिलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला हलवलं का कोणी, मी गप. दोन्ही डबे वेगवेगळ्या पेट्यांत, मध्ये वाळू, असे नेले. पंचनामा झाला, आजोबांच्या बंदुकीच्या जमा-पावतीची झेरॉक्स बाबांच्या फाइलमध्ये सापडली तिचा फार उपयोग झाला, ज्यांच्याकडे असं काही असेल त्यांनी ती पावती शोधून ठेवा.

टोप्या, काडतुसं, छर्रे सगळं गेलं. काका मापासाठी अडून बसले होते, बाबांच्या हातचं आहे ते तरी ठेवा म्हणून. साहेबाने उलटंपालटं केलं, हुंगलं, आणि यादीत लिहिलं, पितळी माप तारेच्या दांडीसह, नग एक.