रोजची गाडी घरीच सजवावी का? माझ्या पोलो जीटीवरून

रविवारचा_गॅरेजवाला (धागाकर्ता)

गेल्या रविवारी पार्किंगमध्ये आमच्या सोसायटीतल्या काकांनी मला तोंडावर विचारलं, "चांगल्या गाडीची अशी वाट का लावतोस रे?" तेव्हा नीट उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय. माझं मत ठाम आहे, पण ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

गाडी २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, ताकद १०५ पीएस (म्हणजे साधारण तेवढीच अश्वशक्ती), सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स, रंग लाल. मी तिचा तिसरा मालक. रोज वाकड ते चाकण आणि परत, म्हणजे जिथे बनली तिथेच ती रोज जाते. २०२२ मध्ये पोलोचं इथलं उत्पादन थांबलं. आता शोरूममधून नवी मिळणार नाही, त्यामुळे आहे तीच जपायची आणि आपलीशी करायची, असं मी ठरवलं.

आत्तापर्यंत केलेली कामं: छतावर चकचकीत काळी व्हिनाइल फिल्म, चाकांवर सोलून काढता येणारा रबरी रंग, पुढे मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेलं लाल पट्टीचं ग्रिल, आणि डिकीवरची सगळी अक्षरं काढलेली. इंजिन, सस्पेन्शन, दिवे, काचा यांना हात लावलेला नाही. मूळ ग्रिल माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलंय.

अक्षरं काढण्याचं काम मला सगळ्यात आवडलं. हेअर ड्रायरने डिंक ऊन करायचा, मग मासेमारीचा बारीक दोरा अक्षरामागे घालून करवतीसारखा सावकाश ओढायचा. अक्षर निघालं तेव्हा खाली त्याच आकाराचा गडद लाल ठसा होता. तो २०१५ चा रंग, कारखान्यातून आला तसा. भोवतीचा सगळा पत्रा उन्हाने फिका पडलेला. इतकी वर्षं ही गाडी उघड्यावर उभी राहिली होती, ते मला त्या क्षणी दिसलं. मग दोन संध्याकाळी पॉलिश करत बसलो. दुकानात दिली असती तर हे कळलंच नसतं. हाताने केलं की गाडीचा इंच न् इंच माहीत होतो, माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

जशी_आली_तशी

काकांच्या बाजूने पहिलं मत माझं. मी अनेक वर्षं एका गाडी कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काम केलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. आधी अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात, साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्राइमर, मग रंग, शेवटी क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर. सगळं मिळून १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एखाद्या जाड केसाहून जरा जास्त. यातला प्रत्यक्ष रंगाचा थर जेमतेम १५ मायक्रॉन. गंजरोधक थर तर १६०-१७० अंशांवर भट्टीत भाजलेला असतो. हे घरी पुन्हा करता येत नाही, पार्किंगमध्ये तर नाहीच.

आता धागाकर्त्याला एकच प्रश्न. छताची फिल्म कडेला कशाने कापलीस? ब्लेडने कापली असशील तर त्या पातळ फिल्मखाली किती खोल चिरा गेल्या, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही. चिर प्राइमरच्याही खाली गेली असेल तर पावसाळ्यात फिल्मच्या काठाशी पाणी साचून राहील आणि वरून सगळं चकचकीत दिसत असताना खाली पत्रा गंजत जाईल. तू म्हणतोस इंच न् इंच माहीत झाला. मी म्हणतो, छताएवढा भाग तू डोळ्याआड केलास.

कोल्हापुरी_चक्रधर

दादा, एवढा जीव टांगणीला लावू नका. सजवणं आपल्या रक्तात आहे. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो, बेगड लावतो, झूल घालतो ते काय बैलात खोट असते म्हणून? आमच्याकडे रिक्षा बघायला या. आतली गादी, आरसे, झालरी, नावं, सगळं मालक पोटच्या पोरासारखं जपतो, आणि त्याच रिक्षावर घर चालतं. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींची छतं आतून फुलाफुलांच्या कापडाने मढवलेली असायची, २०२३ मध्ये त्या गेल्या तेव्हा लोकांना तेच आधी आठवलं. रोज वापरायची वस्तू माणूस सजवतोच. हौसेला मोल नसतं. धागाकर्त्याने केलं ते झकास केलं.

घाटरस्ता

पोळ्याचं उदाहरण चांगलं दिलंत, पण ते उलट बाजूने लागू पडतं. झूल संध्याकाळी उतरते. बैलाच्या पायाला इजा होईल असं त्या दिवशी कुणी काही करत नाही.

माझा राग गाडीबाहेरच्या माणसांसाठी आहे. मागच्या पावसाळ्यात कात्रजजवळ माझ्या पुढच्या हॅचबॅकने गतिरोधक घेतला आणि बंपरखाली चिकटवलेली काळी प्लास्टिकची पट्टी अर्धी सुटून रस्त्यावर फरफटत गेली. मागे दुचाकीवर नवराबायको आणि मध्ये लहान मूल होतं. त्या दुचाकीवाल्याने गाडी कशीबशी वाचवली. असल्या पट्ट्या दुहेरी टेपवर लावतात, पण त्या टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. लोक शनिवारी संध्याकाळी लावतात आणि रविवारी सकाळी धुतात. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेला नसतो, त्यावर पॉलिशचा मेणचट थर तसाच असतो. मग ती सुटणारच.

दिव्यांचं तर विचारूच नका. हॅलोजनसाठी बनलेल्या दिव्यात बाजारातला पांढरा एलईडी बल्ब बसवतात. हॅलोजनची तार जिथे असते त्या बिंदूसाठी परावर्तकाचा आकार काढलेला असतो. उजेडाचा उगम तिथून जरा जरी सरकला की झोत वर-खाली फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. धागाकर्त्याने दिव्यांना हात लावला नाही, त्याबद्दल त्याचे आभार मानतो. पण "घरी करा" असं लिहिलेलं वाचून दहा जण पहिल्यांदा दिवेच बदलतात.

रविवारचा_गॅरेजवाला

@घाटरस्ता, पटलं. दिवे आणि बंपरखालची पट्टी माझ्याही यादीत नाहीत. चाकणच्या रस्त्यावर ती पट्टी आठवडाभरसुद्धा टिकणार नाही.

@जशी_आली_तशी, तुमचा प्रश्न लागला, कारण उत्तर "हो, ब्लेडने" असं आहे. छताचं काम आम्ही दोघा भावांनी मेमध्ये केलं. पहाटे साडेपाचला सुरुवात केली, कारण आठनंतर पत्रा इतका तापतो की फिल्म टेकताक्षणी चिकटते आणि उचलून पुन्हा बसवता येत नाही. रोल १.५२ मीटर रुंद, पोलोचं छत एका तुकड्यात बसतं. अँटेनाची काडी फिरवून काढली. मधून बाहेरच्या बाजूला हात चालवत गेलो, बुडबुडे कमी आले. पण कडेला आल्यावर माझ्या हातात साधं कटर होतं. फिल्मखाली धाग्याची टेप लावून नंतर तो धागा ओढला की फिल्म आपोआप कापली जाते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. डिकीच्या बाजूच्या कोपऱ्यात ब्लेड जरा जोरात गेलं होतं, हाताला जाणवलं होतं.

जशी_आली_तशी

मग तेवढा कोपरा पावसाआधी उघडून बघ. बाकी वाद नंतर घालू.

नाना_पेठेतला

माझं सुट्या भागांचं दुकान आहे, गिऱ्हाईक रोज बघतो. पोरं चाकांना रंग लावायचे डबे नेतात, आणि त्यांच्या टायरवर खाचच उरलेली नसते. १.६ मिलिमीटरच्या खाली टायर गेलं की ते बाद, मग चाक सोनेरी असो की काळं. ब्रेक पॅड झिजलेले, आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरला लाल रंग. याला आपल्याकडे म्हणतात वरून कीर्तन आणि आतून तमाशा. पैसे मर्यादित असतील तर आधी टायर, मग ब्रेक, मग वायपरचं रबर. त्यानंतर उरतील ते हौसेला.

बेफाम नंबरप्लेटवाल्यांनाही सांगून ठेवतो. २१४ चा राम आणि ४१४१ चा दादा करायचे दिवस गेले. उच्च सुरक्षा पाटी आली आहे, ती उखडून दुसरी लावणं हा गुन्हा आहे.

बॅजविरोधी

ग्रिलच्या फोटोत मला डाव्या बाजूला "जीटीआय" दिसतंय. धागाकर्त्याने यावर एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो.

खरी पोलो जीटीआय भारतात २०१६ मध्ये आली. तीन दारांची, १.८ लिटरची, १९२ पीएस. बाहेरून आणलेली, मोजक्याच. तुझी गाडी जीटी आहे, आणि जीटी म्हणून ती उत्तम आहे. मग दुसऱ्या गाडीचं नाव तिच्या तोंडावर कशाला? तू मागची खरी अक्षरं काढलीस आणि पुढे खोटी लावलीस. काळं छत, काळी चाकं, हे सगळं मला चालतं, ती आवड आहे. नाव ही आवड नसते, ती माहिती असते. ज्यांनी ती खरी गाडी घेतली आणि सांभाळली, त्यांच्यावर हा अन्याय आहे.

कोल्हापुरी_चक्रधर

तीन अक्षरांनी कुणाचं काय जातंय? ग्रिल तसंच आलं असेल बाजारातून.

बॅजविरोधी

जातं. उद्या हीच गाडी चौथ्या मालकाला विकताना तो विचारेल, आणि तेव्हा उत्तर देणारा समोर असेलच असं नाही.

कागदपत्रं_आधी

कायद्याचं कुणीच बोललं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील आणि कंपनीने ठरवलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंग प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो. अख्खी गाडी दुसऱ्या रंगात गुंडाळायची असेल तर आधी आरटीओत नोंद करून घ्या. नुसत्या छतासाठी कुणी अडवल्याचं माझ्या पाहण्यात नाही, तरी विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा. दावा करताना "हे आधी सांगितलं नव्हतं" एवढं ऐकावं लागलं तरी डोकं फिरतं.

काचांना पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. त्याहून गडद काही लावू नका.

शिकाऊ_ड्रायव्हर

माझा स्विफ्टचा विचार चालू आहे. क्लिअर कोटचे दोन भागांचे स्प्रे मिळतात, ते घरी चालतील का? साध्या मास्कने भागेल ना?

जशी_आली_तशी

नाही. त्यात आयसोसायनेट असतं. साधा मास्क त्याला अडवत नाही, आणि एकदा दम्यासारखा त्रास सुरू झाला की तो आयुष्यभर मागे लागू शकतो. आमच्याकडे बाहेरून हवा पुरवणारे मुखवटे घालूनच तो फवारतात. बंद पार्किंगमध्ये तर विषयच काढू नकोस, वर माणसं राहतात. स्टिअरिंगच्या मधल्या चिन्हावर खडे किंवा धातूची चकती चिकटवायचा मोह झाला तर तोही आवर. एअरबॅग तिथूनच उघडते आणि ती चकती थेट तोंडावर येते.

रविवारचा_गॅरेजवाला

आज सकाळी दोन कामं केली.

पहिलं, जीटीआय अक्षरं उतरवली. @बॅजविरोधी, दोन दिवस मनात तुमच्याशी भांडलो, पण मागची खरी अक्षरं काढून पुढे ही लावली, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोच दोरा, तोच ड्रायर, पाच मिनिटं. लाल पट्टी ठेवली आहे. ती मला आवडते आणि ती कुणाचं नाव सांगत नाही.

दुसरं, छताचा मागचा उजवा कोपरा गरम करून वीतभर फिल्म उचलली. टॉर्च धरायला तेच काका आले. चार बोटं लांबीची चिर आहे. बहुतेक ठिकाणी नुसती क्लिअर कोटमध्ये, पण एका जागी राखाडी प्राइमर दिसतो. गंज नाही. टच-अप पेनने भरून फिल्म परत बसवू का?

जशी_आली_तशी

लगेच बसवू नकोस. धूळ अल्कोहोलने पूस, आधी प्राइमर, मग रंग, मग क्लिअर, सगळं काडीच्या टोकाने, मध्ये नीट वाळू देऊन. निदान आठवडाभर उघडं ठेव. मग फिल्म बसवताना काठ चिरेच्या आधीच संपव, म्हणजे ती जागा डोळ्यासमोर राहील.

मी असतो तर अख्खी फिल्म काढली असती. पण गाडी तुझी आहे.