शब्दचर्चा: "चालू कंडिशन टॉर्क पाना, ८ किलोला चेक केलेला" म्हणजे काय?

कुपवाडकर: मंडळी, एमआयडीसीजवळच्या एका जुन्या टूलवाल्याकडं अर्धा इंची टॉर्क पाना (नट-बोल्ट ठरलेल्या पिळानंच आवळायचा पाना; अर्धा इंच म्हणजे त्याच्या चौकोनी तोंडाचं माप) बघून आलोय, तो म्हणतोय "चालू कंडिशन हाय, ८ किलोला चेक केलाय". आता चालू म्हणजे किती चालू, आणि हे किलो कुठलं, पान्यावर तर एनएम (न्यूटन-मीटर) लिहिलंय. गाडीची चाकं नि बाईकचं बारीकसारीक काम घरीच करायचंय.

मिरजेचा फिटर: किलो म्हणजे वजन न्हवं ओ, किलोग्रॅम-मीटर. एवढं लांबडं कोण म्हणतंय, म्हणून नुसतं किलो. १ मीटर दांड्याच्या टोकाला १ किलो टांगला की जेवढा पीळ बसतो तेवढा, म्हणजे ९.८१ एनएम, मग ८ किलोचे झाले साधारण ७८. जुने मिस्त्री अजून किलोतच बोलतात. खरा घोळ फूट-पाउंडाचा. ८० फूट-पाउंडाला लावून ८० एनएम समजून आवळलं की १०८ होतात, मग आटे गेलेच म्हणून समज.

गोडोली सातारा: टॉर्कला मराठी शब्द काय? विश्वकोशात मोमेंटला परिबल म्हणतात, ते चालेल का?

मिरजेचा फिटर: चालेल की, पण दुकानात परिबल पाना मागून बघा एकदा, सेल्समन चहा पाजून परत पाठवंल 😄

गोडोली सातारा: बरं, "चालू" विषयी. क्लिकवाल्या पान्यात, म्हणजे लावलेल्या आकड्याला पोचला की टक् करणाऱ्या, विकणाऱ्याचं चालू म्हणजे टक् असा आवाज येतो एवढंच. आवाज बरोबर आकड्याला येतो का, हा प्रश्नच वेगळा. पाना वर्षभर १५० ला लावून तसाच पेटीत पडला असेल तर स्प्रिंग बसते, टक् येतो पण अलीकडंच येतो, बोल्ट ढिला राहतो आणि आपल्याला वाटतं झालं काम. काम झालं की सगळ्यात खालच्या आकड्याला आणून ठेवायचा असतो, हे कोण करतंय. त्यात कुणी त्यानंच गंजके नट सोडवले असतील तर बघायलाच नको. म्हणून "चेक केलाय" नाही, "कॅलिब्रेशनचा, म्हणजे आकडा बरोबर आहे का ते तपासून लावल्याचा, कागद आहे का आणि तारीख काय" असं विचार. साधारण १२ महिने किंवा ५००० वेळा वापर, दोन्हीतलं जे आधी होईल तेव्हा कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्यायचं असतं. चांगल्या पान्याची चूक ४ टक्क्यांच्या आत धरतात.

कुपवाडकर: कागद नसंल तर?

मिरजेचा फिटर: चौकोनी तोंड व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंजात) पकड, दांडा आडवा. तोंडाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत माप घे, समज ४० सेंटीमीटर आलं. तिथं २० किलो वजन हळूच सोड, झाले ८ किलो. पाना ७८ च्या आसपास लावलेला असला तर टक् व्हायला पाहिजे, दांड्याचं स्वतःचं वजन थोडं वर जातं ते धरून चाल. ६५ लाच टक् करत असंल तर फुकट दिला तरी घेऊ नको. काट्याचा जुना पाना, ज्यात दांडा वाकला की काटा पट्टीवर आकडा दाखवतो, तो मात्र मी डोळे झाकून घेतो, त्यात स्प्रिंगच नाही, काटा शून्यावर असला की झालं, नसला तर वाकवून आणायचा.

गोडोली सातारा: माझं मत, क्लिकवाला घेणार असशील तर कागदासकट नवाच घे. आणि अर्ध्या इंची २०० एनएमच्या पान्यानं बाईकचा ऑइलचा बोल्ट आवळू नको, रेंजच्या खालच्या पाचव्या भागात त्याच्यावर भरवसा नसतो. त्याला छोटा पाना वेगळा.

कुपवाडकर: म्हणजे दोन घ्यायचे. उद्या वजन घेऊन जातो त्याच्याकडं, व्हाइस आहे त्याच्या दुकानात.