मदत हवी आहे: फॅनफिक्शनची आवड घडते कशी?

नमस्कार. पेडण्यातल्या आमच्या वाचनमंडळात कॉलेजची मुलं फॅनफिक्शनवर, म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या कथांवर, बोलणार आहेत आणि सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलंय. एकाला मूळ कथेला चिकटून लिहिलेलंच आवडतं, दुसरीला त्याच पात्रांचं कॉफीशॉपमधलं प्रेमप्रकरण हवं असतं. ही आवड येते कुठून?

२००९ पासून चालू असलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर टॅग आधीच सगळं सांगून टाकतात: जोडी कोणाची, शेवट गोड की कडू. म्हणजे कथेआधी वाचक मूडच निवडतो. 'कुडोस'च्या (वाचकांनी दिलेल्या पसंतीच्या) संख्येने क्रम लावला की जुन्या लोकप्रिय कथा वर येतात. नवख्याची चव तिथेच ठरत असावी, असा माझा संशय. पण तेवढंच? आमच्याकडे दशावतारातलं आख्यान सगळ्यांना पाठ असतं, तरी लोक पहाटेपर्यंत बसतात, कारण नट संवाद ऐनवेळी रचतात. (त्यातल्या संकासुर राक्षसाचा चाहतावर्ग तर वेगळाच!)

तुम्हाला पहिली फॅनफिक कोणी वाचायला दिली? मैत्रिणीने सुचवलेल्या त्या पहिल्या कथेचा ठसा पुढे टिकतो का? मराठीत लिहिणाऱ्यांनी तर आवर्जून सांगा. आणि हो, कर्णाला नायक करून लिहिलेलं सगळं यातच धरायचं का? मुलं हे विचारणारच.