अनुभव धागा : अमेरिकेतला काळा इतिहास प्रवासात भेटला तेव्हा

कैरी

अटलांटाच्या उत्तरेला फोरसाइथ काउंटीत आम्ही एकोणीस वर्षं राहतोय. मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर इथून गाडीने पाऊण तासावर. किती वेळा गेलो असू? दोनदा. तेही भारतातून पाहुणे आले होते आणि मत्स्यालय बघून वेळ उरला होता म्हणून. जानेवारीतला तिसरा सोमवार, किंग यांच्या जयंतीची सुट्टी, म्हणजे आमच्या लेखी नुसता लाँग वीकेंड.

यंदा आठवीतल्या लेकीने विचारलं, "आई, आपल्याला इथे पहिल्यापासून येता यायचं का?" शोधून पाहिलं. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला फक्त १०० जागा होत्या. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने, आणि तो आला काळ्या लोकांना मतदानाचा हक्क देणाऱ्या ऑगस्ट १९६५ च्या कायद्यापाठोपाठ. म्हणजे ज्यांनी लाठ्या खाल्ल्या ते वेगळे आणि व्हिसा मिळाला आम्हाला. मग स्प्रिंग ब्रेकला समुद्रकिनारा रद्द केला आणि अलाबामा गाठलं.

सेल्मातला एडमंड पेटस पूल मधोमध उंच आहे. अलीकडून चालायला लागलं की पलीकडचं काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला मतदानाच्या हक्कासाठी निघालेला मोर्चा त्या उंचवट्यावर पोचला तेव्हाच लोकांना समोर उभे असलेले पोलीस दिसले. हे मी वाचलं होतं, पण चढ पायांना लागला तेव्हा समजलं. आणि पूल ज्याच्या नावाचा आहे तो गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सैन्यातला सेनापती. नाव अजून तेच आहे.

माँटगोमरीला २०१८ मध्ये उघडलेलं एक स्मारक आहे, झुंडीने ठार मारलेल्या काळ्या माणसांचं. १८७७ ते १९५० या काळातले ४,४०० हून जास्त बळी. गंजल्या रंगाचे पोलादी खांब, ८०० च्या वर, एकेक खांब एकेका काउंटीचा, त्यावर कोरलेली नावं. सुरुवातीला खांब तुमच्यासमोर उभे असतात, नावं सहज वाचता येतात. पुढे जमीन उतरत जाते, खांब आहेत तिथेच राहतात. शेवटी ते डोक्यावर लटकत असतात आणि मान वर करून वाचावं लागतं.

लेक आमच्या काउंटीचा खांब शोधत होती. सापडला. १९१२ मध्ये इथे एका काळ्या माणसाला जमावाने मारलं आणि त्यानंतर काही आठवड्यांत काउंटीतल्या जवळजवळ सगळ्या, सुमारे १,१०० काळ्या रहिवाशांना घरदार, शेती सोडून पळावं लागलं. पुढे कित्येक दशकं इथे काळी वस्ती नव्हतीच म्हणा ना. आज आमच्या बसथांब्यावर निम्मी मुलं तेलुगू, गुजराती, मराठी. घर घेताना एजंटने शाळांचं रेटिंग सांगितलं होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.

तुमच्यापैकी कोणाला प्रवासात असं काही भेटलं असेल तर लिहा. फक्त स्थळांची यादी नको, ती गूगलवर आहे.

ऊस_आडसाली

धागा चांगला काढलात कैरीताई.

आम्ही कोल्हापूरकडचे. आई पहिल्यांदाच आली होती, तिला न्यू ऑर्लिन्स दाखवायला नेलं. तिथून तासाभरावर मिसिसिपीच्या काठाने जुने उसाचे मळे आहेत. पहिल्या दिवशी जिथे गेलो (नाव लिहीत नाही) तिथे पांढऱ्या खांबांची हवेली, झुंबरं, मालकिणीचे झगे. गाइडबाई गुलामांना सारखं 'सेवक' म्हणत होत्या. मागच्या हिरवळीवर कोणाच्या तरी लग्नाच्या खुर्च्या मांडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी व्हिटनी. हा मळा २०१४ पासून म्युझियम आहे आणि तिथे गोष्ट सुरूच होते गुलामांपासून. हवेली शेवटी. चर्चमध्ये लहान मुलांचे पुतळे आहेत, बाकांशी नुसते उभे. मी लगेच बाहेर आलो. आई मात्र पुढे चालत गेली आणि एकदम ओरडली, "अरं, ही तर काहिल!"

खरंच काहिली, उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढया. लोखंडी, जाड, गवतात ठेवलेल्या. त्यांच्याकडं एक मोठी काहिल नव्हती, उतरत्या आकाराच्या चार-पाच ओळीनं मांडायचे. रस एकीतून दुसरीत पळ्यानं उपसत न्यायचा, शेवटच्या छोटीत साखर धरायची. आईच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. ती चुलवाणाची जागा कुठं असेल, मळी कुठं काढत असतील, सगळं हातवारे करून सांगायला लागली. मग मला म्हणाली, "विचार त्यांना, रात्रपाळी असायची का." विचारलं. असायची. लुईझियानात थंडीत दव गोठतं, त्याआधी ऊस तोडून गाळून व्हायला पाहिजे, म्हणून हंगामात दिवसरात्र काम. उकळता रस, अंधार आणि झोप न झालेली माणसं. आई म्हणाली, "भाजत असतील." गाइड म्हणाला, हो.

गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती. मग आमच्या फडावर यायच्या त्या टोळीतल्या एका बाईबद्दल बोलली, बाळंत होऊन आठ दिवसांत कोयता घेऊन उभी राहिलेली. हे मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. तिकडं विकत घेतलेली माणसं होती, इकडं उचल म्हणून आगाऊ पैसे घेतलेली. दोन्ही एकच असं मी म्हणत नाही, कोणी अंगावर येऊ नका.

जांभूळ

वाचतेय. एक व्यवहारी प्रश्न, हे सगळं मुलांना दाखवायचं का? माझा सात वर्षांचा आहे.

भटकंती_बंद

@जांभूळ, वॉशिंग्टनचं आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं म्युझियम करा. २०१६ चं, बाहेरून तीन टोपल्या एकावर एक ठेवल्यासारखं, ब्राँझ रंगाच्या जाळीचं. प्रवेश मोफत आहे, पण वेळेचा पास आधी काढा. मोठ्या लिफ्टने तळघरात नेतात, भिंतीवर सालं मागे मागे जातात आणि तिथून चढत वर यायचं. मिसिसिपीत गोऱ्यांनी ठार मारलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची शवपेटी वेगळ्या खोलीत आहे, फोटो काढायला बंदी. आम्ही धाकट्याला घेऊन ती खोली टाळली. पण एडिस्टो बेटावरून आणलेली गुलामांची लाकडी खोपटी त्याला दाखवली. तो म्हणाला, "एवढ्यात किती जण?" पुरे झालं तेवढं.

खाली कॅफेत गंबो खा, लुईझियानाकडचं दाटसर सूप. नाव भेंडीच्या आफ्रिकन नावावरून आलंय. आपली भाजी म्हणून मुलाने दोनदा घेतलं.

लेबर_कॅम्प

वडील मुंबई महापालिकेत सफाई खात्यात होते, छत्तीस वर्षं. निवृत्तीनंतर मेम्फिसला माझ्याकडे आले. त्यांना म्हटलं, चला, किंग यांना गोळी लागली ती जागा दाखवतो. लोरेन मोटेल, खोली ३०६, ४ एप्रिल १९६८. दारं अजून त्याच निळसर हिरव्या रंगाची, सज्ज्याच्या कठड्याला पुष्पचक्र. त्यांनी हात जोडले आणि आतल्या म्युझियममध्ये गेलो.

आत कचऱ्याची गाडी ठेवली आहे. किंग मेम्फिसला आले होते ते सफाई कामगारांच्या संपासाठी, हे मलाही नीट माहीत नव्हतं. १ फेब्रुवारीला पाऊस होता, दोन कामगार आडोशाला गाडीच्या मागच्या भागात शिरले, दाबयंत्र चालू झालं आणि दोघे चिरडले. त्यावरून १,३०० कामगार संपावर गेले. छातीवर पाट्या : 'मी माणूस आहे'. पगारवाढ नंतर, आधी हे.

वडील त्या गाडीपाशी वीसेक मिनिटं उभे होते. खटका कुठे असतो, माणूस कुठे उभा राहतो, ते मला दाखवलं. "आमच्यातला एक असाच गेला," एवढंच म्हणाले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. पाटीवरचं वाक्य मी भाषांतर करून सांगायला लागलो तर म्हणाले, "कळलं."

आता थोडं लांबण लावतो. हे नातं आपल्याकडे नवं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, काळ्या लोकांची वस्ती म्हणून ओळखलं जाणारं हार्लेम शेजारीच. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस या काळ्या विचारवंतांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. आणि १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन. आमच्या वस्तीत भिंतीवर झेप घेणारा पँथर होता. तो कुठून आला हे मला ऑकलंडला गेल्यावर कळावं, याची लाज वाटली.

स्पष्टवक्ता

प्रवासाच्या धाग्यात पुन्हा जात आलीच. अमेरिकेचं अमेरिकेत राहू द्या की.

लेबर_कॅम्प

@स्पष्टवक्ता, प्रवासाचंच सांगतो. तिथे १९३६ पासून एक पुस्तिका निघायची, हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने काढलेली. काळ्या माणसाला कुठल्या गावात खोली मिळेल, कुठे पेट्रोल मिळेल, याची यादी. तीस वर्षं निघाली. आणि १९१७ मध्ये कोलंबियात शिकून आलेला माणूस बडोद्यात नोकरीला गेला, त्याला राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून धर्मशाळेत उतरला, तर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. बडोदा अमेरिकेत नाही.

शांत_बंदर

मी जहाजावर असतो. घानात बंदरात अडकलो होतो तेव्हा एल्मिना आणि केप कोस्ट, दोन्ही किल्ले पाहिले. पकडलेल्या माणसांना गुलाम म्हणून जहाजाने अमेरिकेकडे पाठवायच्या आधी इथे कोंडून ठेवायचे. एल्मिना पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला यायच्या सोळा वर्षं आधी. मी गोव्यात वाढलो, पोर्तुगीज किल्ल्यांवर पिकनिकला जायचो. चुना, तोफा, चर्च, सगळं ओळखीचं. केप कोस्टला गाइडने कोठडीत नेऊन दिवा घालवला. वर प्रार्थनाघर, खाली शेकडो माणसं. पायाखालची जमीन सपाट नाही, त्यावर काय साठून घट्ट झालंय ते त्याने सांगितलं. इथे लिहीत नाही.

मुरुडकर

जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जाताना होडीवाला सगळं सांगतो, कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचं तळं, किल्ला कोणालाच जिंकता आला नाही वगैरे. किल्ल्याचे धनी सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले. ते म्हणजे कोण, हे विचारल्यावर "हबशी" म्हणून विषय बदलतो. सिद्द्यांच्या कबरी असलेले खोकरीचे घुमट किल्ल्यापासून जवळ, पण सहलीची बस तिथे थांबत नाही.

आणि खुलताबादला औरंगजेबाची कबर बघणारे मलिक अंबरच्या कबरीकडे वळत नाहीत. इथिओपियातून गुलाम म्हणून विकत आलेला मुलगा निजामशाहीचा कारभारी झाला, खडकी (नंतरचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, शहराला नहर दिली, मुघलांना गनिमी काव्याने बेजार केलं, १६२६ ला गेला. शाळेत 'मलिक अंबरची जमीन महसूल पद्धत' दोन मार्कांना होती. तो काळा होता हे मला तिशीत कळलं.

कैरी

सगळे वाचतेय, उत्तरं सावकाश देते. ऊस_आडसाली, आईंना नमस्कार सांगा. लेबर_कॅम्प, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, 'कळलं'पाशी थांबावं लागलं.

स्मारकाच्या बाहेर प्रत्येक खांबाची जोड आडवी ठेवली आहे, त्या त्या काउंटीने येऊन आपापली घेऊन जावी म्हणून. अशा ओळीच्या ओळी आहेत.

आमच्या इथे कमिंगच्या चौकात २०२१ पासून १९१२ च्या घटनेचा फलक आहे. आम्ही त्या चौकातून दर आठवड्याला क्लासला जातो आणि तो मी पाहिलेला नव्हता. शनिवारी सकाळी दहाला लेकीला घेऊन जाणार आहे. जवळपास कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चहा थर्मासमध्ये आणते.