मदत हवी आहे: न लढणारं कॅरेक्टर, गेट उघडायला गेलं की मरतंय

बिनतलवारी
कॅरेक्टर पूर्ण बिनलढाईचं आहे, फक्त स्किल्स. चारही मांसं घेऊन खाली उतरलो, गेटवर क्लिक केलं की बाजूची दोन चिलखतं जिवंत होतात आणि मला मारून टाकतात. तीनदा झालं. लढायचं नाहीच आहे, तेव्हा "आधी लेव्हल वाढवा" हा सल्ला नको. हर्ब्लोर (जडीबुटीची औषधं बनवायचं स्किल) उघडल्याशिवाय पुढचं सगळं अडलंय. लवकर सांगा.

खाणीतला_उंदीर
कुठला गेम ते तरी लिहा. हर्ब्लोर म्हणताय म्हणजे रूनस्केप. पण ओल्ड स्कूल की नवं? आणि आयर्नमॅन (दुसऱ्या खेळाडूंशी देवाणघेवाण बंद असलेलं खातं) आहे का?

बिनतलवारी
ओल्ड स्कूल, अर्थातच.

खाणीतला_उंदीर
आयर्नमॅन आहे का हे राहिलंच. असो. क्वेस्ट ड्रुइडिक रिच्युअल आहे (चार मांसं गेटच्या आतल्या कढईत मंतरायची), जागा टॅव्हर्ली डंजन. ती चिलखतं लेव्हल १९ ची. त्यांना मारणं क्वेस्टमध्ये सक्तीचं नाही. पहिल्या क्लिकला ती जागी होतात, गेटवर पुन्हा क्लिक केलं की तुम्ही आत. तुम्ही पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मध्ये नक्की काय करता?

बिनतलवारी
काही नाही. क्लिक करतो आणि कॅरेक्टर तिथेच उभं राहतं.

मंत्रपाठ
म्हणूनच मॅजिक शिका म्हणतो. लढायचं नसलं तरी मॅजिक हे लढणं नाही. टेलिपोर्ट मारून सटकता येतं, आणि ५५ ला हाय अल्केमी (वस्तूंचे पैसे करणारा मंत्र) मिळाली की पैशांची चिंता मिटली.

आकडेमोड
मंत्रपाठ, लेव्हल ३ चा स्किलर (न लढता फक्त स्किल्स वाढवणारा) असेल तर हा सल्ला थेट घातक आहे. कॉम्बॅट लेव्हलचं सूत्र असं: (डिफेन्स + हिटपॉइंट्स + प्रेयरचा अर्धा) गुणिले ०.२५. प्रेयरच्या अर्ध्यातला अपूर्णांक सोडायचा. त्यात तीनपैकी जो आकडा मोठा असेल तो मिळवायचा: (अ‍ॅटॅक + स्ट्रेंग्थ) गुणिले ०.३२५, किंवा रेंज्डच्या दीडपटीतला अपूर्णांक सोडून गुणिले ०.३२५, किंवा मॅजिकचं तसंच. शेवटी पुन्हा अपूर्णांक सोडायचा.

नव्या कॅरेक्टरचे हिटपॉइंट्स (म्हणजे जीव) १० आणि बाकी सगळं १. म्हणजे २.७५ + ०.६५ = ३.४०, लेव्हल ३. मॅजिक २ झालं तर ३.७२५, अजून ३ च. मॅजिक ३ झालं की ४.०५. म्हणजे १७४ एक्सपीला (अनुभवाचे गुण) कॉम्बॅट लेव्हल ४. तुम्ही ५५ पर्यंत न्यायला सांगताय.

मंत्रपाठ
लेव्हल ३ च ठेवायची आहे असं धाग्यात कुठे लिहिलंय? "लढायचं नाही" एवढंच लिहिलंय. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

बिनतलवारी
३ च ठेवायची होती. आता ४ दिसतेय. ते सोडा, गेटचं सांगा.

आकडेमोड
सोडा कसं? एकही ठोसा न मारता ४ झाली असेल तर कारण शोधायला हवं, नाहीतर पुढच्या क्वेस्टला ५ होईल. स्किल्सच्या टॅबमध्ये प्रेयर किती आहे?

बिनतलवारी
९. पण हाडं पुरलेली नाहीत. भुताची कवटी परत नेऊन दिली होती फक्त.

आकडेमोड
झालं. द रेस्टलेस घोस्ट. त्यात कवटी उचलल्यावर जो सांगाडा येतो त्याच्यापासून पळून जाता येतं, म्हणून लोकांना वाटतं ही बिनलढाईची क्वेस्ट आहे. पण बक्षीस ११२५ प्रेयर एक्सपी आहे, त्याने प्रेयर १ वरून थेट ९. अर्धं ४. (१ + १० + ४) गुणिले ०.२५ = ३.७५, अधिक ०.६५ = ४.४०. ठोसा न मारता लेव्हल ४.

प्रेयर ५ पर्यंत ३ टिकते, ६ ला जाते. ६ ला ५१२ एक्सपी लागतात. साध्या हाडाचे ४.५ मिळतात, म्हणजे ११४ वं हाड पुरलंत की गेली.

एकएक्सपीही_नको
मग खातं टाकून द्या आणि नवीन काढा. लेव्हल ४ चा स्किलर म्हणजे स्किलर नाहीच. लढाईच्या एकाही स्किलमध्ये १ एक्सपीसुद्धा नको, ही व्याख्या आहे.

खाणीतला_उंदीर
व्याख्या तुमची. "बिनलढाईचं" म्हणजे आपण कुणाला मारायचं नाही, एवढंच धागाकर्त्याने म्हटलंय. आणि ३ ऐवजी ४ ने खेळात काय फरक पडतो? मॉन्स्टर आपणहून अंगावर येतो ते तुमची लेव्हल त्याच्या लेव्हलच्या दुपटीएवढी किंवा कमी असेल तर. लेव्हल १० चा आक्रमक मॉन्स्टर २० पर्यंतच्या सगळ्यांवर धावतो. ३ काय, ४ काय आणि ८ काय, सगळे सारखेच. उलट कमी लेव्हल ठेवणाऱ्याला जास्त मॉन्स्टर त्रास देतात, हे आधीच धरून चालायला हवं.

एकएक्सपीही_नको
फरक हायस्कोअरमध्ये (खेळाडूंच्या क्रमवारीत) पडतो. तो समजत नसेल तर वाद नको.

वाऱ्यावरचा_व्यापारी
बिनलढाईचंच खेळायचं तर ईव्ह ऑनलाइन का नाही, अंतराळातला गेम? खाणकाम, मालवाहतूक, कारखाने, बाजार. सगळा गेम त्यावरच उभा आहे. पहिलं जहाज व्हेंचर घ्या, खनिजासाठी ५,००० घनमीटरचा वेगळा होल्ड मिळतो, आणि वॉर्प (जहाजाची लांब झेप) अडवणाऱ्याला तोंड द्यायला वॉर्प कोअरची ताकद २ ने जास्त असते. क्वेस्टच्या बक्षिसाने लेव्हल बिघडण्याची भानगडच नाही.

खाणीतला_उंदीर
हो, आणि ०.५ ते १.० सुरक्षिततेच्या भागातही कुणीतरी स्वस्त जहाज घेऊन येतं आणि तुमचं मालवाहू फोडतं. काँकॉर्ड (तिथले पोलीस) नंतर येऊन हल्लेखोराला उडवतं. ते शिक्षा करतं, वाचवत नाही. आपण लढत नाही म्हणून दुसरा सोडत नाही, हे तिथे तर फारच.

वाऱ्यावरचा_व्यापारी
माल जहाजाच्या ताकदीच्या मानाने महाग भरला तरच. दोन फेऱ्यांत न्यायचा.

बिनतलवारी
गेट. कृपया.

खाणीतला_उंदीर
कॉम्बॅट ऑप्शन्सच्या टॅबमध्ये (दोन तलवारींचं चिन्ह) सगळ्यात खाली ऑटो रिटॅलिएट आहे. चालू आहे की बंद?

बिनतलवारी
तिकडे कधी गेलोच नाही. लढत नाही तर तो टॅब कशाला उघडू.

खाणीतला_उंदीर
मग चालू आहे. घोळ तिथेच आहे. चिलखताने पहिला वार केला की उभं असलेलं कॅरेक्टर उलटं वळतं आणि ठोसे मारायला लागतं. तुम्हाला वाटतं नुसतं उभं आहे. अ‍ॅटॅकवर कर्सर ठेवा आणि पहिल्यांदा मेलात त्याच्या आधीचा आकडा आठवत असेल तर ताडून बघा.

बिनतलवारी
मरायच्या आधीचा स्क्रीनशॉट आहे. १२ ने वाढलाय!!

आकडेमोड
केलेल्या इजेच्या दर अंकाला ४ एक्सपी. १२ म्हणजे तुमच्या ठोशांनी चिलखताचे ३ हिटपॉइंट गेले. हिटपॉइंट्सच्या स्किलमध्येही थोडे पडले असतील, अंकाला १.३३ या दराने. लेव्हल बिघडणार नाही: अ‍ॅटॅक २ ला ८३ एक्सपी लागतात, आणि २ झालं तरी ३.७५ + ०.९७५ = ४.७२५. तीनला मात्र ५.०५ होतं.

एकएक्सपीही_नको
म्हणजे मारलंयच. व्याख्येचा प्रश्न मिटला.

कढईकाका
खायला काय नेताय? लॉब्स्टर नेत असाल तर कुकिंग ७४ ला जाळणं थांबतं, कुकिंग गॉन्टलेट्स घातले तर ६४ ला. त्याआधी शिजवू नका, नुकसान आहे.

खाणीतला_उंदीर
काका, लॉब्स्टर १२ भरतो आणि याचे हिटपॉइंट्सच १० आहेत. दोन वाया. सॅमन ९ भरतो, तो बास. ट्राउट ७ चा, तोही चालेल.

बिनतलवारी, आता क्रमाने:

ऑटो रिटॅलिएट बंद करा, आणि कायमचं बंदच ठेवा. लोखंडी हेल्मेट, प्लेटबॉडी, प्लेटलेग्ज आणि ढाल घाला. लोखंडाला डिफेन्स १ पुरतो. घालण्याने एक्सपी मिळत नाही, मार खाल्ल्यानेही मिळत नाही. हाणामारीत एक्सपी फक्त आपण दुसऱ्याला केलेल्या इजेचा. त्यामुळे चिलखत घालणं हे लढणं आहे असं समजून उघड्या अंगाने जाऊ नका. वजनामुळे रन एनर्जी भराभर उतरते, म्हणून टॅव्हर्लीपर्यंत चालत जा आणि शिडी उतरल्यावरच रन चालू करा.

बॅगेत २८ जागा: ४ मांसं, १ फॅलाडॉर टेलिपोर्टची टॅब्लेट (फोडली की थेट फॅलाडॉर शहरात), १० सॅमन. बाकी रिकामी ठेवा. टॅब्लेटला मॅजिक लेव्हल लागत नाही आणि मॅजिकचा एक्सपीही मिळत नाही, हा मंत्रपाठ यांच्या मुद्द्याचा तोडगा.

हिटपॉइंट्स १० पैकी १० असतानाच गेटला हात लावा. आपोआप भरायची वाट बघायची तर मिनिटाला १ भरतो. पहिला क्लिक, चिलखतं जागी, लगेच दुसरा क्लिक, आत. आत गेल्यावर आधी खायचं की कढईकडे जायचं हे हिटपॉइंट्स बघून ठरवा, ५ च्या खाली असतील तर आधी सॅमन. मग एकेक मांस बॅगेतून उचलून कढईवर वापरायचं, चार वेळा. चारही मंतरलेली झाल्याची खात्री करा, एक राहिलं तर पुन्हा सगळी वारी. मग टॅब्लेट फोडा.

लॉगआउट करून सुटू म्हणाल तर लढाईनंतर १० सेकंद लॉगआउट होत नाही. होम टेलिपोर्टही मार बसत असताना चालत नाही.

मंत्रपाठ
मॅजिकशिवाय टॅब्लेट बनवणार कशी?

खाणीतला_उंदीर
बनवायची नाही, ग्रँड एक्स्चेंजवर (खेळाडूंच्या बाजारात) घ्यायची. म्हणूनच आयर्नमॅन आहे का ते पहिल्यापासून विचारतोय.

बिनतलवारी
नाही हो. मांसंसुद्धा तिथूनच घेतली होती. उंदराचं आणि अस्वलाचं मारून कसं आणणार?

अवांतरकर
अवांतर: फायनल फँटसी १४ मध्ये कारागीर आणि गोळा करणारे हे वेगळे क्लास आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.

आकडेमोड
येतो. तिथे सुरुवात लढणाऱ्या क्लासनेच करावी लागते, त्याची लेव्हल १० ची क्वेस्ट झाल्यावर कारागीर होता येतं. शिवाय पुढचे प्रदेश मुख्य कथेमागे बंद. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०१० च्या कॅटाक्लिझमपासून खाणकाम आणि वनस्पती तोडण्याला एक्सपी आहे, बिनलढाईला ते जवळचं. पण धागा त्याचा नाही.

बिनतलवारी
झालं!!! दुसऱ्या क्लिकला आत. तीनच सॅमन लागले. २५० हर्ब्लोर मिळाले, लेव्हल ३. आता गुआम (औषधाला लागणारी जडीबुटी) कुठून आणू? ग्रँड एक्स्चेंजवर घ्यायला पैसे नाहीत.

खाणीतला_उंदीर
शेती. गुआमला फार्मिंग ९ लागतं, तोवर बटाटे: वाफ्याला ३ बिया, ४० मिनिटांत तयार. हर्बच्या वाफ्यात १ बी, ८० मिनिटं. कंपोस्ट न घालता जगलं तर किमान ३ पानं, सुपरकंपोस्ट घातलं तर किमान ५. बिया हव्या असतील तर मास्टर फार्मरचा खिसा, थिव्हिंग ३८ ला. पण पकडला गेलात की ३ हिटपॉइंट जातात. तुमचे १०. तिसऱ्या चुकीनंतर १ उरतो, चौथीला कबर. दोनदा चुकलात की खा. मेलातच तर कबरीतून १५ मिनिटांत वस्तू उचला.

गुआम लेव्हल ३ लाच साफ करता येते, २.५ एक्सपी. पाण्याच्या बाटलीत टाका, वर न्यूटचा डोळा, अ‍ॅटॅक पोशन, २५ एक्सपी. पोशन प्यायलं तरी एक्सपी नाही, घाबरू नका.

बिनतलवारी
आणि रेस्टलेस घोस्टसारख्या फसव्या क्वेस्ट अजून कुठल्या?

आकडेमोड
इम्प कॅचर पहिली. मणी विकत मिळतात, कुणाला हातही लावायचा नाही, आणि शेवटी ८७५ मॅजिक एक्सपी. मॅजिक ८, तुमची कॉम्बॅट लेव्हल ७. विचेस पोशन ३२५ मॅजिक, ५ होईल. वॉटरफॉल क्वेस्ट सगळ्यात वाईट: अ‍ॅटॅक आणि स्ट्रेंग्थ प्रत्येकी १३,७५०, दोन्ही ३०, थेट २३. कुक्स असिस्टंट, शीप शिअरर, डोरिक्स क्वेस्ट आणि रून मिस्टरीज बिनधास्त करा. जिनीचा दिवा मिळाला तर स्किल निवडताना नीट बघा, प्रेयरवर चुकून क्लिक केलंत तर ९ गुणिले १० म्हणजे ९० एक्सपी. तुम्हाला प्रेयर १३ पर्यंत मोकळीक आहे, १४ ला ५.

एकएक्सपीही_नको
नवीन खातं काढलं तर हे काहीच लक्षात ठेवावं लागणार नाही.

आकडेमोड
नवीन खात्यात तर जास्तच लक्षात ठेवावं लागेल.

कढईकाका
सॅमन कुठल्या कुकिंग लेव्हलला शिजवलेत ते सांगितलं नाहीत.